अर्धा सूर खाली

३ फेब्रुवारी

शेंडेफळा,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्या बहिणीने धाकटीला आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहीत नाही. पुढे गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकते.

तुझी लेक काल दुपारी पोचली. पाठीवर बॅग, हातात तुझी चिठ्ठी. मी ती दारातच उभ्याउभ्या वाचली. 'ताई, संगीत कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी तुझ्याइतकी कुणी करून घेत नाही असं इथपर्यंत ऐकू येतं. जूनपर्यंत हिला ठेवून घे. गळा चांगला आहे, पण शास्त्र आणि कान दोन्हींची बोंब. ही एकच परीक्षा द्यायची म्हणून तिने बाकी कुठे अर्जच केलेला नाही. मागचं आता काय उगाळायचं?' आपलं बोलणं बंद झाल्यापासूनची ही तुझी पहिली चिठ्ठी, आणि तिच्यात माफीचा अर्धा शब्द नाही. उलट मलाच सूचना, उगाळू नकोस म्हणून. वा गं वा.

पोरीला घरात घेतलं. 'मावशी' म्हणून गळ्यात पडली, तर पडू दिलं. जेवायला वाढलं आणि मागची खोली दिली. तिथे आपला जुना पियानो आहे. हो, तोच. बाबा गेल्यावर तुला अडचण वाटली म्हणून माझ्याकडे आला. पुढच्या खोलीत माझा नवा पियानो आहे, विद्यार्थी त्याच्यावर शिकतात. मला इथे नावाने कुणी हाक मारत नाही, 'कानवाल्या बाई' म्हणतात. ज्या कॉलेजने मला दारातून परत पाठवलं, तिथे मी दरवर्षी पोरं भरती करते. मला याचं हसू येत नाही, तुला आलं तर बघ.

तू विसरली असशील म्हणून उगाळते. बाबांनी मला एक वर्ष थांबवलं, का तर धाकटीला सोबत होईल. दोघी एकाच दिवशी परीक्षेला बसलो. सुरांच्या श्रुतलेखनाला तू माझ्या शेजारच्या बाकावर होतीस. परीक्षक पियानोवर चाल वाजवायचे आणि आपण ती ऐकून कागदावर उतरवायची. मधेच माझी एक मात्रा निसटली आणि तिथून पुढची ओळ सगळी एका मात्रेने सरकली. तुझ्याही कागदावर तीच मात्रा त्याच जागी निसटली होती. सूर चुकला तर दोघींचा चुकू शकतो. पण ओळ एकाच जागेपासून सरकली, तर एकीने दुसरीचं बघितलंय हे शेंबडं पोरही सांगेल.

आपल्याला आत बोलावलं, बाबांनाही बोलावलं. कुणी कुणाचं बघितलं? मी गप्प बसले, म्हटलं तू बोलशील. आणि तू बोललीस की.

"ताईने माझं बघितलं."

एवढं बोलून तू गळा काढलास, आणि रडणारीचं सगळ्यांना खरं वाटलं. मला कायमचं बाद केलं, तुला समज देऊन आत घेतलं. बाबा मरेपर्यंत मला चोर समजले. आणि इतकं करून तू शिकलीस किती, तर दोन वर्षं. मग लग्न, मग पडदे आणि सोफे. तुझ्या घरात साधी बाजाची पेटीही नाही असं तुझी लेक सांगते.

हे पत्र तुला आत्ता मिळणार नाही. मी लिहीत जाईन, साठवत जाईन, आणि हिचा निकाल लागला की सगळी एकदम टपालात टाकीन. तोवर तू मजेत राहा.

ताई

१० फेब्रुवारी

शेंडेफळा,

पहिले दोन-तीन दिवस तुझ्या लेकीची परीक्षा घेतली. शास्त्र खरंच कच्चं आहे. स्वरलेखनाच्या पाच ओळींवर कुठला सूर कुठे बसतो तेही तिला बोटं मोजून सांगावं लागतं. कान मात्र कोरा आहे. बिघडलेला नाही, नुसता कोरा. एकदा ऐकवलेलं तिच्या डोक्यातून जात नाही. मी जे लिहीन ते त्याच्यावर राहणार.

आणि मग मला सुचलं.

या कॉलेजची रीत तुला आठवत असेल. दुसरीकडे परीक्षक आधी सांगतात, हा पहिला सूर, पांढरी एक, आता पुढचं ऐकून लिहा. इथे पहिला सूर सांगत नाहीत. तो तुमचा तुम्ही ओळखायचा. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पांढरी एक, सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सूर, कानात कोरून देते. घरात पाऊल टाकलं की कुणाशी बोलायचं नाही, पिशवीही खाली ठेवायची नाही, आधी पांढरी एक गायची. मग मी पियानोवर ती पट्टी दाबते आणि दोघांचं जमलं का बघते. रोज असं करता करता सूर आत बसतो. पुढे झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं बरोबर गातात.

पियानो लावणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. तुझ्या लेकीला मी त्या वेळी कॉलेजचा जुना अभ्यासक्रम आणायला वाचनालयात पाठवलं होतं. काकांना म्हटलं, मागचा पियानो सगळाच्या सगळा अर्धा सूर खाली उतरवा, तारा जुन्या झाल्यात, ताण सोसत नाही. काकांनी झाकण उघडलं, तारांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"बाई, या तारा तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहेत."

म्हटलं, मी सांगते तसं करा. काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत कामाला लागले. एवढा उतरवलेला पियानो पहिल्या फेरीत थांबत नाही, सरकत राहतो, म्हणून चार दिवसांनी पुन्हा येऊन गेले. आता तो आपसात अगदी सुरात आहे. नुसता ऐकला तर कुणाला काही वावगं वाटायचं नाही. फक्त पांढरी एक दाबली की तिच्या अर्धा सूर खालचा आवाज येतो.

याने काय होईल ते समजावून सांगते, कारण दोन वर्षांत तुझ्या पदरात काय पडलं असेल याची मला शंका आहे. तुझी लेक तो खालचा आवाज पांढरी एक म्हणून पाठ करील. परीक्षेत खरी पांढरी एक वाजली की तिला ती अर्धा सूर चढलेली वाटेल, आणि ती अगदी बिनधास्त तिच्या लगतची काळी एक लिहील. पुढचा प्रत्येक सूर तसाच, एक घर वर. ती एकही सूर गाळणार नाही, एकही मात्रा चुकणार नाही, आणि तरी कागद सगळा सरकलेला असेल. ओळखीचं वाटतंय ना?

पुढच्या खोलीला कुलूप असतं, चावी माझ्या कमरेला. विद्यार्थी यायच्या वेळेला पोरीला बाहेर पिटाळते. फोन कपाटात, रविवारी तुझ्याशी बोलण्यापुरता मिळतो. तयारीच्या दिवसांत कानात दुसरं काही जायला नको असं मी सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगते, त्यामुळे तिला संशय यायचं कारण नाही. ती उलट म्हणाली, मावशी, तू किती मनावर घेतलंस.

घेतलंय तर.

ताई

८ मार्च

शेंडेफळा,

तुझी लेक उजाडायच्या आत उठते. तोंड धुऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहते आणि काही न बोलता पांढरी एक गाते. म्हणजे तिची पांढरी एक. मग आम्ही मागच्या खोलीत जाऊन पट्टी दाबून बघतो. पहिले पंधरा दिवस कधी वर जायची, कधी खाली. आता पट्टी दाबायची गरज उरली नाही. इतका पक्का कान माझ्या आजवरच्या एकाही विद्यार्थ्याचा नव्हता, आणि तो चुकीच्या जागी पक्का झालाय. मला किती आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जेवढा ठरवला होता तेवढा नाही.

तुला वाटत असेल, बाकीचंही मी वाकडंतिकडं शिकवत असेन. मनात होतं. दोन सुरांमधलं अंतर ओळखायचा पहिला धडा घेताना मी ठरवून एक चुकीचं सांगायला गेले, तर जीभच वळेना. इतकी वर्षं रोज तेच बरोबर सांगितलंय. तोंड उघडलं की बरोबरच बाहेर पडतं, मी काय करू? मग म्हटलं, जाऊ दे, बाकी सगळं चोख शिकवू. पाया तर आपल्या हातात आहे.

म्हणून तिला दुपारी रस्त्यावर सोडते. बाहेरचे आवाज ऐकून ये आणि त्यांच्यातली अंतरं लिहून आण, पहिल्या सुरापासून पुढचा सूर कितवा ते. ही मेली काय काय घेऊन येते. कोपऱ्यावरच्या बेकरीचं शटर वर जाताना मोठा तिसरा आणि खाली येताना छोटा. शिंप्याचं मशीन वेगात असलं की चौथा, आणि शिंपी बायकोशी भांडत असला की पाचवा. बसचं दार मिटताना सप्तकभर घसरतं, पण ड्रायव्हर घाईत असेल तर सातव्यावरच अडकतं. मी तपासायला तिच्याबरोबर गेले. शिंप्याच्या दुकानासमोर आम्ही दोघी खुळ्यासारख्या उभ्या, आत त्यांचं भांडण चाललेलं. पाचवाच होता. आम्ही घरापर्यंत हसत आलो.

घरी आल्यावर मला माझाच राग आला. तिचं नाक तुझं आहे. हसताना तुझ्यासारखंच मुडपते. ते बघितलं की माझं डोकं ठिकाणावर येतं.

ताई

१९ एप्रिल

शेंडेफळा,

काका आले होते, पुढचा पियानो लावायला. जाताना मागच्या खोलीत डोकावले. पोरगी बाहेर गेली होती. टेबलावर तिचे श्रुतलेखनाचे कागद पडले होते, ते बघितले, मग पियानोकडे बघितलं. काकांना सांगावं लागत नाही. पण ते शिकवायलाही गेले नाहीत मला, एवढंच विचारलं की परत वर आणायचा का. म्हणाले, आज सुरुवात केली तर दोन आठवड्यांत जागेवर बसेल, मुलीचा कानही परीक्षेपर्यंत वळेल. नंतर मात्र काही उपयोग नाही.

मी त्यांना थांबा म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. खोटं कशाला लिहू, माझं मन डळमळलं होतं. सकाळीच तिने माझ्या पायाला तेल चोळून दिलं होतं. गुडघा धरतो हल्ली, बसून बसून. चोळता चोळता श्रुतलेखनात मात्रा कशी सांभाळायची ते विचारत होती. मात्रा निसटली तर काय करायचं, मावशी? म्हटलं, थांबायचं, कागदावरच्या पुढच्या उभ्या रेघेपासून पुन्हा पकडायचं, आणि शेजारी बघायचं नाही. तिला कळलं नाही मी काय म्हणाले ते. कळणार कसं?

तेवढ्यात फोन वाजला. तू होतीस. रविवार होता ना काल, आणि ती घरी सापडली नव्हती म्हणून आज. तुझा आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला. तू म्हणालीस, ताई, सगळं विसरून तू हिला घेतलंस, मन मोठं लागतं त्याला.

विसरून? मी काय विसरलेय ते सांग बरं मला. बाबांनी जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे बघायचं सोडलं, ते? शेजारणी मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवताना आईला विचारायच्या, 'तीच ना ती?' ते? तू माझ्या मनाची लांबीरुंदी मोजून मला शाबासकी देतेस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, हो गं, तिची तयारी झकास चाललीय. आणि फोन ठेवला.

बाहेर येऊन काकांना सांगितलं, राहू दे, आहे तसाच ठेवा. काकांनी हत्यारांची पेटी उचलली आणि गेले.

ताई

२ जून

शेंडेफळा,

परवा परीक्षा. आज संध्याकाळी धडे बंद ठेवले. परीक्षेच्या आधी कानाला विश्रांती द्यायची असते. आम्ही दोघी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. आणि ती सहज बोलली, मावशी, माझं इथे झालं नाही तर मला दुसरं काहीच येत नाही. बाबा म्हणालेत, एकच संधी, नाहीतर त्यांच्या दुकानात बसायचं. तिने हे रडत सांगितलं नाही, टॉवेलची घडी घालत सांगितलं.

मी बोलणार होते. शपथेवर सांगते. तोंड उघडलं होतं, 'ऐक, हा पियानो' एवढे शब्द जिभेवर आले होते. दोन दिवसांत कान वळला नसता, पण तिला नुसतं माहीत असतं तर तिने डोक्याने सावरलं असतं.

त्याच्या आधी तिने विचारलं, तू का नाही गेलीस कॉलेजला? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

"आईने सांगितलंय मला. तू परीक्षेत तिचं बघून लिहिलंस म्हणून तुला काढलं. आई म्हणाली, ताई लहान होती, आम्ही केव्हाच माफ केलंय तिला."

माफ केलंय. तू, मला.

मी घड्या पूर्ण केल्या. चादरी कपाटात ठेवल्या. पोरीला म्हटलं, झोप वेळेवर, आणि परवा पहिला सूर मनात म्हणून मगच लिहायला घे. तिने मान डोलावली.

मला वाटायचं, तू ते खोटं एकदा बोललीस आणि मग तोंड लपवून बसलीस. म्हणजे तुला लाज वाटत असेल, म्हणून पेटी नाही घरात, म्हणून चिठ्ठी नाही. पण तू ते खोटं घरात वाढवलंस, लेकीला भरवलंस. वर माफीचा मोठेपणाही स्वतःकडे घेतलास. आता जे होईल ते होऊ दे. तुझी लेक घरी रडत आली ना, की तुला कळेल सगळ्यांदेखत बाद होणं म्हणजे काय ते.

ताई

१३ जून

शेंडेफळा,

निकाल लागला. तुझी लेक पास झाली, आणि यादीत पहिली आहे.

परीक्षेच्या दिवशी ती दुपारी परत आली. दारात सूर म्हटला नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, मावशी, पुढच्या खोलीची चावी दे. मी दिली. तिने कुलूप काढलं, नव्या पियानोवर पांढरी एक दाबली, तशीच चालत मागे गेली आणि जुन्यावर दाबली. मग पुन्हा पुढे येऊन तिसऱ्यांदा. मी मधल्या दारात उभी होते. पळून जायला जागा नव्हती, आणि मी पळणारी नाही.

काय झालं ते तिनेच सांगितलं. आधी तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाईंनी तिला पांढरी एक गायला सांगितली. हिने गायली, बाईंनी पट्टी दाबली, आणि आवाज अर्धा सूर वर आला. ती म्हणाली, पुन्हा एकदा दाबता का? पुन्हा तेच. तिने क्षणभर डोळे मिटले आणि मग काय म्हणाली माहीत आहे?

"माझ्या कानातलं सगळं अर्धा सूर खाली बसलंय. मी मनात वर करून सांगते, चालेल?"

परीक्षक हसले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि हसायचे थांबले. ती प्रत्येक सुराला जरा थांबायची, मनात एक घर सरकवायची आणि बरोबर उत्तर द्यायची. श्रुतलेखनही तसंच लिहिलं, ऐकायचं एक आणि उतरवायचं दुसरं. हे कुणालाही जमत नाही. सुरांमधली अंतरं हाडात भिनलेली असतील तरच जमतं. ती मी भिनवली होती, शिंप्याच्या दुकानासमोर उभं राहून. मीच तिला पाडायला खड्डा खणला आणि मीच वर यायची शिडी दिली. स्वतःवर इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतका अभिमानही.

परीक्षकांनी विचारलं, कुणी शिकवलं तुला? हिने सांगितलं, कानवाल्या बाईंनी. ते म्हणाले, शक्य नाही, त्यांच्या मुलांचा सूर कधी ढळत नाही. एक जण म्हणाला, पियानो जुना असेल, आपोआप उतरला असेल, बाईंच्या लक्षात आलं नसेल. हिला नुसतं 'हो' म्हणून सुटता आलं असतं. समोर तिघे जण बसलेले, प्रवेश त्यांच्या हातात, मावशीची अब्रू हिच्या जिभेवर. ही म्हणाली, "त्या माझ्या सख्ख्या मावशी आहेत. त्यांच्या घरात अर्धा सूर खाली गेलेला त्यांना कळणार नाही असं होणार नाही. त्यांनी मुद्दाम लावून घेतला असेल."

मग ते मला विचारायला ती घरी आली होती. तू मुद्दाम केलंस? मी म्हटलं, हो.

तिने भांडण केलं नाही. खुर्चीवर बसून राहिली. आणि मी तिच्याकडे बघत होते. त्याच कॉलेजात, तशाच टेबलासमोर तुझ्या लेकीने माझ्याबद्दल एक वाक्य सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं. मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला.

गावभर व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी एक आई आली, मुलाच्या वह्या घेऊन गेली, माझ्या नजरेला नजर न देता. मग दुसरी. आता पुढच्या खोलीत सकाळी कुणी येत नाही. मी कुलूप लावणंही सोडलंय. माझ्या कष्टाने मिळवलेलं नाव माझ्याच हाताने गेलं, त्यात तुझा काही हात नाही. एवढं तरी तुझ्या माथी मारत नाही.

काल ती म्हणाली, का केलंस ते तरी सांग. मी सगळं सांगितलं. शेजारचं बाक, निसटलेली मात्रा, तुझं वाक्य, बाबा. तिने शेवटी विचारलं, हे खरं?

म्हटलं, मला नको विचारू. मी तुझा कान बिघडवणारी बाई. मी खरं सांगितलं तरी तू का मानावंस? हे जगात दोघींनाच ठाऊक आहे. मी आता खोटारडी म्हणून गावात जाहीर झालेय. उरली तुझी आई. तिला जाऊन विचार.

ती म्हणाली, विचारते.

तर ही सगळी पत्रं आज टाकतेय. माझा बेत होता की ती तुझ्या हातात पडतील तेव्हा तुझी लेक नापास होऊन कोपऱ्यात रडत बसलेली असेल. ते झालं नाही. पत्रं तरीही येतायत, आणि ती त्यांच्या मागोमाग निघालीय. शनिवारच्या बसने येईल. जेवायला बसायच्याही आधी विचारेल, तिच्या बाबांसमोर विचारेल. असलं काही तिला पोटात ठेवता येत नाही, हे आता त्या कॉलेजात सगळ्यांना माहीत झालंय.

खरं सांगितलंस, तर त्या घरात तुझं काय होईल ते तुझं तू बघ. आणि ते जुनंच वाक्य पुन्हा म्हणायचा विचार असेल, तर एक ऐकून ठेव. खोटं बोलताना तुझा आवाज चढतो. लहानपणापासून चढतो, अगदी थोडा, आईबाबांना कधी कळला नाही. तिला कळेल. तिचा कान मी तयार केलाय.

ताई